अरबीत माणसाच्या वयाला अन् अंगकाठीला एवढे शब्द, हे खरंच कोणी बोलायचं का?

मस्कतकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक प्रश्न आहे, वेळ असेल तेव्हा वाचा. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं मस्कतला आहे, कामापुरतं अरबी बोलतो, पण आता जुनं अरबी नीट वाचायला घेतलंय. सध्या सआलिबीचं 'फिक्ह अल-लुगा' समोर आहे. हा निशापूरचा, ९६१ ते १०३८ हा त्याचा काळ, आणि त्यानं शब्द अकारविल्हे न लावता विषयवार लावलेत, त्यामुळे वाचायला फार मजा येते.

त्यात माणसाच्या वयाचं एक प्रकरण आहे अन् तिथे मी अडकून बसलोय. पोटात असेपर्यंत जनीन, जन्मला की वलीद, सात दिवस पुरे होईपर्यंत सदीग, कारण तोवर कानशिलं घट्ट झालेली नसतात (हे वाचून मी थांबलोच, कोण बघतं एवढं बारीक!), अंगावर पितोय तोवर रदीअ, दूध तुटलं की फतीम, मग बाळसं जाऊन अंग जरा भरीव झालं की जह्वश, दुडुदुडू चालायला लागला की दारिज. पाच वितींएवढा उंच झाला की खुमासी. दुधाचे दात पडले की मस्गूर. दहाच्या पुढे गेला की नाशिअ, वयात येण्याच्या बेताला याफिअ किंवा मुराहिक, वयात येऊन अंगात ताकद गोळा झाली की हजव्वर. दाढी पूर्ण भरली की मुज्तमिअ. तीस ते चाळीस शाब, आणि तिथून साठी पुरी होईपर्यंत कह्ल.

ऑफिसातल्या ओमानी मित्रांना विचारलं तर रदीअ, मुराहिक, शाब, कह्ल हे त्यांना माहीत, बाकीच्यांचं नावही ऐकलेलं नाही. आणि आता तर कह्ल म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर पार पिकलेला माणूस येतो, पंचेचाळिशीचा नाही.

तर माझे प्रश्न असे, की हे शब्द खरंच कोणी बोलत होतं का शब्दकोशवाल्यांनी ढीग रचला? खरा चलनातला शब्द अन् नुसता कोशातला शब्द हे ओळखायचं कसं? आणि उंच, बुटका, लुकडा, जाडा यांच्या याद्या तर याहून लांब आहेत, एकट्या उंच माणसाला शौजब, शौकब, अशन्नक, अशन्नत, अनतनत, शअल्लअ... यातला फरक कोणी समजावून सांगेल का?

किताबवेडी

फार छान प्रश्न आहे, माझा आवडता विषय म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट बघा, तुम्ही दिलेल्या यादीत वर्षांचे आकडे जवळजवळ नाहीतच, मधे एक दहा आणि शेवटी तीस-चाळीस-साठ येतात तेवढेच. बाकी सगळं अंगावर दिसणारं आहे. कानशील, दूध, पाऊल, वीत, दात, केस. वाळवंटातल्या टोळीत जन्मतारीख कोण लिहून ठेवणार होतं, मूल केवढं आहे हे सांगायचं तर त्याच्याकडे बघूनच सांगावं लागे. म्हणून हे शब्द नुसती वयाची नावं नाहीत, ती निरीक्षणं आहेत. दाढीमिशीचं बघा, कोवळी लव फुटली की म्हणतात 'बकल वज्हुहू', बक्ल म्हणजे भाजीपाला, हिरवळ, म्हणजे तोंडावर हिरवळ उगवली. कह्लचंही तसंच, रोप पूर्ण वाढून फुलोऱ्याला आलं की 'इक्तहल' हे क्रियापद वापरतात. म्हणजे मूळ अर्थ म्हातारपण नाही, पूर्ण वाढ. कुराणात ईसांबद्दल (म्हणजे येशू) आलंय की ते पाळण्यात असताना बोलतील आणि कह्ल असताना बोलतील (३:४६), तिथे पिकलेला म्हातारा असा अर्थ घेतला तर चुकतं. आणि कह्ल नेमका कधीपासून यावर जुन्या लोकांचंही एकमत नाही, कोणी तिशीच्या पुढे म्हणतं, कोणी चाळिशीपासून.

आता खरं का खोटं. आठव्या-नवव्या शतकात बसरा आणि कूफ्याला भाषेचे अभ्यासक तयार झाले. बसऱ्याबाहेर मिर्बद नावाचा बाजार होता, उंटांचा मुख्यतः, तिथे वाळवंटातले बदू यायचे आणि हे लोक त्यांना गाठून शब्द गोळा करायचे. असमई हा त्यातला सगळ्यात मोठा (साधारण ८२८ मध्ये वारला). त्यानं उंटावर वेगळं पुस्तक लिहिलं, घोड्यावर वेगळं आणि माणसाच्या शरीरावर वेगळं, त्याचं नाव 'खल्क अल-इन्सान'. आणि घोड्याच्या पुस्तकावरून एक प्रसिद्ध किस्सा आहे. अबू उबैदा हा त्याचा प्रतिस्पर्धी, त्याचं घोड्यावरचं पुस्तक ५० खंडांचं, असमईचं एकच. वजीर फज्ल बिन रबीअ यानं घोडा समोर आणवला अन् म्हणाला, एकेका अवयवाला हात लावून नाव सांगा. अबू उबैदा म्हणाला मी काही घोड्यांचा वैद्य नाही, मी अरबांकडून ऐकून लिहिलंय. असमई उठला, आयाळ धरली आणि एकेका भागावर हात ठेवत नाव सांगत गेला आणि प्रत्येक नावाला अरबांची कविता म्हणून दाखवली. शेवटी वजिरानं तो घोडा त्यालाच दिला. म्हणतात की पुढे अबू उबैदाला चिडवायचं असलं की असमई त्याच घोड्यावर बसून त्याच्याकडे जायचा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या किस्स्यात आहे. कोशवाल्यांच्या भाषेत त्याला शाहिद म्हणतात, साक्षीदार. शब्दामागे कविता आहे का, हदीस (प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे का, कुणा ठराविक टोळीच्या माणसाचं बोलणं आहे का, ते बघायचं. असेल तर शब्द जिवंत होता. हजव्वरला आहे. इब्न माजा यांच्या हदीससंग्रहात जुंदुब बिन अब्दुल्ला सांगतात की आम्ही प्रेषितांबरोबर होतो तेव्हा 'फित्यान हजाविरा' होतो, म्हणजे वयात येऊन अंगात जोर आलेली पोरं, आणि कुराण शिकायच्या आधी श्रद्धा शिकलो. कुणी तरी स्वतःच्या तरुणपणाबद्दल सहज बोलताना तो शब्द वापरतंय, कोशासाठी नाही.

अशन्नकला तर फारच सुंदर साक्षीदार आहे. बुखारी यांच्या हदीससंग्रहात उम्म जर्अ ची हदीस आहे, प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा सांगतात, अकरा बायका एकत्र बसल्या आणि ठरवलं की आपापल्या नवऱ्याबद्दल काहीही लपवायचं नाही. तिसरी म्हणते, माझा नवरा अशन्नक, बोलले तर सोडून देईल, गप्प बसले तर अधांतरी टांगून ठेवील. अशन्नक म्हणजे नको इतका उंच, ज्या उंचीचं कौतुक संपलेलं आहे असा. सआलिबीची चढती भाजणीही हेच सांगते, तवील म्हणजे उंच, त्याहून जास्त तुवाल, मग शौजब अन् शौकब, इथवर ठीक, आणि त्यापुढे नावं ठेवण्याजोगी उंची झाली की अशन्नत, अशन्नक, आणि पार टोकाला शअल्लअ, अनतनत. म्हणजे हे समानार्थी शब्द नव्हेत, पायऱ्या आहेत. शअल्लअ मात्र मला स्वतःला कोशांच्या बाहेर कुठे भेटलेला नाही.

अजून एक. अशन्नक, अनतनत हे उच्चारूनच बघा, शब्दच लांब ताणलेले आहेत. इब्न जिन्नी या व्याकरणकारानं (मृत्यू १००२) हे फार छान मांडलंय, की शब्दाची बांधणी वाढली की अर्थ वाढतो, तवीलपेक्षा तुवाल जास्त उंच. आपल्याकडे धिप्पाड, आडदांड हे शब्दही तोंड भरून येतात, तोच प्रकार.

रेतीवरचा

मी दुबईत आहे, उंटांच्या शर्यतीच्या ठिकाणी टेक्निकल काम करतो, म्हणून मला यातला एक भाग रोज कानावर पडतो. माणसांच्या वयाचे जुने शब्द इथे कोणी बोलत नाही हे खरं, पण उंटांच्या वयाचे शब्द अजून ठणठणीत जिवंत आहेत आणि मला वाटतं दोन्ही याद्या एकाच डोक्यातून आल्यात.

जुनी यादी अशी, नुकतं जन्मलेलं पिल्लू हुवार. दूध तुटलं की फसील. एक वर्ष पुरं झालं की नराला इब्न मखाद, मादीला बिन्त मखाद, म्हणजे गाभण असलेलीची मुलगी, कारण एव्हाना तिची आई परत गाभण असते. दोन पुरी झाली की बिन्त लबून, दुभतीची मुलगी, कारण आई परत व्यालेली असते आणि दुधात असते. तीन पुरी झाली की हिक्का, आता हिच्यावर बसायचा, ओझं लादायचा हक्क झाला. मग पाचव्या वर्षात जजआ. मग सनी, जेव्हा पुढचे दुधाचे दात पडतात. मग रबाई, मग सदीस, आणि नवव्या वर्षाच्या सुमाराला सुळा हिरडी फोडून बाहेर आला की बाजिल. बाजिल म्हणजे पूर्ण भरलेला, ऐन ताकदीतला उंट.

म्हणजे पोराचं वय त्याच्या आईवरून सांगायचं, किंवा कामावरून, किंवा दातावरून. आकडा कुठेच नाही. आणि हे नुसतं गुराख्यांचं बोलणं नव्हतं, जकातीचा, म्हणजे इस्लाममधल्या सक्तीच्या दानाचा, हिशेबच यावर आहे. २५ उंट झाले की एक बिन्त मखाद द्यायची, ३६ झाले की बिन्त लबून, ४६ ला हिक्का, ६१ ला जजआ. पहिले खलिफा हजरत अबू बकर यांनी अनस यांना लिहून दिलेल्या पत्रात हे आलंय, बुखारीत आहे. आता यात शब्दाचा अर्थ सैल ठेवून चालणारच नाही, वसुली करणारा आणि मालक दोघांना हिक्का म्हणजे नेमकं काय हे माहीत पाहिजे, नाहीतर भांडण. मला वाटतं इतके बारीक शब्द टिकले त्यामागे हा व्यवहार आहे, कवितेची आवड नंतर.

आणि आज इथे मरमूमला किंवा अबूधाबीच्या वथबाला शर्यती लागतात त्या गटवार असतात, गटांची नावं हकायक, लकाया, ईजाअ, सनाया, आणि पूर्ण वाढलेल्या माद्या हूल, नर जुमूल. हकायक म्हणजे हिक्काचंच अनेकवचन, ईजाअ जजआवरून आणि सनाया सनीवरून. रजिस्ट्रेशन, मायक्रोचिप सगळं आहे तरी गट त्या जुन्या नावांनीच. लाउडस्पीकरवर हे शब्द ऐकले की मला दर वेळी वाटतं, चौदाशे वर्षांपूर्वीच्या वसुलीच्या पत्रातला शब्द आत्ता माझ्या कानावर पडला.

तासगावचा गडी

रेतीवरचा भाऊ, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं बैलगाडा शर्यतीत हेच की. आदत, दुसा, चौसा. आदत म्हणजे अजून दुधाचेच दात, दुसा म्हणजे दोन पक्के दात आले, चौसा म्हणजे चार. मग सहादाती, आणि सगळे आठ आले की बैल जुळला म्हणायचं. बाजारात पण कुणी वर्षं विचारत नाही, पहिला तोंड उघडून बघतो. वर्षं सांगणारा खोटं बोलंल, दात नाही बोलत. आदतचं मैदान वेगळं लागतं त्याला पण हेच कारण, कोवळ्या खोंडाला जुळलेल्या बैलासोबत पळवायचं नाही.

किताबवेडी ताई, एक विचारायचं होतं, अरबीत गाईला पण असे शब्द आहेत का फक्त उंट-घोड्यालाच?

किताबवेडी

@तासगावचा गडी, आहेत दादा, आणि थेट कुराणातच आहेत. दुसऱ्या सूरेचं नावच 'अल-बकरा', गाय. मूसांना (म्हणजे मोझेस) लोक विचारतात की कुठली गाय कापायची, तर उत्तर येतं, फारिद नको, बिक्र नको, दोन्हीच्या मधली अवान हवी (२:६८). फारिद म्हणजे वय होऊन गेलेली, बिक्र म्हणजे अजून न व्यालेली कालवड, आणि अवान मधली, भरात असलेली. अवान हा शब्द बाईसाठीही वापरत. कुर्बानीच्या नियमांतही गाय-बैल सनी झालेला लागतो, म्हणजे तुमच्या भाषेत दुसा. नियम सांगताना काही लोक वर्षं सांगतात, काही दात, आणि कधीकधी दोन्ही जुळत नाहीत म्हणून वाद होतात.

सावली

मी यात थोडा वेगळा सूर लावणार आहे. शब्दसंपत्तीचं कौतुक मलाही आहे पण सआलिबीच्या त्याच प्रकरणात पुढे बायकांच्या वयाची वेगळी यादी आहे, ती मूळ पोस्टमध्ये आलीच नाही, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे चित्र पूर्ण होत नाही.

मुलाच्या यादीत काय मोजलंय, दात, वीत, ताकद, दाढी. मुलीच्या यादीत छाती वर यायला लागली की काइब, आणखी वाढली की नाहिद, पाळी आली की मुअसिर, लग्नाचं वय उलटून घरीच राहिली की आनिस, भर तारुण्यात खौद, चाळिशी ओलांडली की मुस्लिफ, तरुण आणि म्हातारीच्या मधली नसफ, मग शह्ला, मग शहबरा, मग ताकद गेलेली हैजबून, आणि कंबर वाकून दात पडले की कल्अम अन् लित्लित. म्हणजे मोजणारा कोण आहे ते लगेच कळतं. नसफचा साक्षीदार हवा असेल तर एक जुनी ओळ कोशांत सापडते, लग्न जुळवताना तुला म्हणाले की ती नसफ आहे, तर तिच्या दोन अर्ध्यांपैकी चांगलं अर्धं ते, जे निघून गेलं. वाचून राग आला मला. आणि तरीही तो शाहिद आहेच, शब्द खरा होता याचा पुरावा.

आनिसबद्दल मात्र सांगायला हवं. आज अरब जगात हा शब्द बाईला टोचायलाच वापरतात. पण लिसान अल-अरब हा जुना मोठा कोश उघडलात तर तिथे साफ लिहिलंय की हा पुरुष आणि बाई दोघांनाही लागतो, वयात येऊन बराच काळ लग्नाशिवाय राहिलेला कोणीही. शब्द दोघांचा होता, शिवी एकीची झाली.

दुसरं खुमासी. पाच विती म्हणजे साधारण एकशेदहा-पंधरा सेंटिमीटर, पाच-सहा वर्षांचं पोर. ऐकायला गोड वाटतं ना, पण कोशांत अल-लैस या जुन्या कोशकाराचं जे स्पष्टीकरण येतं त्यात तो हा शब्द गुलाम पोरापोरींच्या संदर्भात देतो. आणि सहा वितींचा, सात वितींचा असे शब्द मात्र बनवत नाहीत, कारण तेवढा उंच झाला की तो पोरगा राहत नाही, माणूस होतो. बाजारात उभं केलेल्या लेकराचं वय विचारून कळणार नाही, आईबाप सोबत नाहीत, म्हणून वीत लावून बघायची. बगदादचा वैद्य इब्न बुतलान (अकराव्या शतकातला) यानं तर गुलाम विकत घेताना शरीर कसं तपासावं यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. रेतीवरचा यांनी लिहिलं की व्यवहारामुळे शब्द टिकले, ते बरोबरच आहे, फक्त व्यवहार उंटांपुरता नव्हता.

याद्या शिकू नका असं माझं म्हणणं नाही. शिकाच. पण प्रत्येक शब्दाला हा प्रश्न विचारा की बघणारा कोण आणि ज्याच्याकडे बघतोय तो कोण.

मस्कतकर

सावली ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत, बायकांची यादी मी अजून वाचली नव्हती, आता खुमासी शब्द पूर्वीसारखा वाचता येणार नाही. किताबवेडी, रेतीवरचा, तासगावचे दादा, सगळ्यांचे मनापासून आभार.

अंगकाठीचं थोडं अजून कोणी लिहाल का? विशेषतः स्तुतीचे शब्द. कारण मला कळत नाहीये की जुन्या अरबांना बारीक माणूस आवडायचा का भरलेला. एका कवितेत लुकडेपणाचा अभिमान दिसतो, दुसरीकडे भरल्या अंगाचं कौतुक.

जुन्या वहीतलं

दोन्ही आवडायचं, पण कोणाचं अन् कुठलं अंग यावर अवलंबून. पुरुष अंगानं सडपातळ, चपळ असावा ही वाळवंटातली आवड. तरफा हा इस्लामपूर्व कवी स्वतःबद्दल म्हणतो, मी तो दर्ब माणूस ज्याला तुम्ही ओळखता, सापाच्या डोक्यासारखा तल्लख. दर्ब म्हणजे कमी मांसाचा, काटक. हाच शब्द हदीसमध्ये मूसांच्या वर्णनात येतो, की ते दर्ब होते, शनूआ टोळीच्या पुरुषांसारखे. म्हणजे शब्द स्तुतीचाच. जास्त खाणारा, सुटलेला माणूस म्हणजे स्वतःच्या पोटासाठी जगणारा, टोळीच्या कामाचा नाही, असा तो विचार. किताबवेडी यांनी सांगितलेल्या उम्म जर्अ च्या हदीसमध्येच पुढे बघा, अबू जर्अ च्या पोराचं कौतुक काय, तर त्याची झोपायची जागा म्यानातून पातं काढल्यावर राहते तेवढी अरुंद, आणि जफ्राच्या एका पुढच्या पायानं त्याचं पोट भरतं. जफ्रा म्हणजे चार महिन्यांची, नुकतं दूध तुटलेली बकरीची पाट. एका वाक्यात पोराची अंगकाठी पण आली आणि बकरीचं वयही आलं. आणि लगेच पुढे मुलीचं कौतुक, ती तिचं वस्त्र भरून टाकते. पोरगा बारीक चांगला, पोरगी भरलेली चांगली.

बाईच्या बाबतीतही सरसकट जाडी नको, कंबर बारीकच हवी. इम्रउल कैस हा जुना कवी म्हणतो मुहफहफा, म्हणजे नाजूक बांध्याची, आणि लगेच जोडतो 'गैर मुफादा', पोट सुटलेली नाही. आणि त्याच कवितेत 'रय्या अल-मुखल्खल', पैंजणाची जागा भरलेली. रय्या म्हणजे पाणी पिऊन तृप्त झालेली. ज्या मुलखात पाणी नाही तिथे भरल्या अंगाला तृप्त झालेलं म्हणणं, मला हा शब्द सगळ्या यादीत सर्वात आवडतो.

आता सगळ्यात काळजीपूर्वक केलेलं शरीरवर्णन कुठलं म्हणाल तर प्रेषित महंमदांचं. तिर्मिजी (८२४ ते ८९२) यांच्या 'शमाइल'मध्ये प्रेषितांचे जावई हजरत अली यांनी केलेलं वर्णन आहे, ते बऱ्याच ठिकाणी 'नव्हते' असं जातं. मुम्मगित नव्हते म्हणजे ताणल्यासारखे उंच नव्हते, मुतरद्दिद नव्हते म्हणजे अंगात अंग शिरल्यासारखे बुटके नव्हते, रब्आ होते, मध्यम. केस अगदी कुरळेही नाहीत आणि अगदी सरळही नाहीत. मुतह्हम नव्हते, अंगानं फार भरलेले नव्हते, मुकल्सम नव्हते, चेहरा अगदी वाटोळा नव्हता. डोळे अद्अज, काळेभोर. पंजे शस्न, म्हणजे बोटं जाड अन् भक्कम. छातीपासून बेंबीपर्यंत केसांची बारीक रेघ, तिला मस्रुबा म्हणतात.

आणि मस्कतकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाला उपयोगी पडणारी गोष्ट इथेच आहे. हे वर्णन दिल्यावर तिर्मिजी लगेच असमईनं केलेले शब्दांचे अर्थ जोडतात, मुम्मगित म्हणजे काय, मुतरद्दिद म्हणजे काय. म्हणजे नवव्या शतकातल्या अरबी वाचकालाच, तेही हदीस शिकणाऱ्याला, हे शब्द समजावून द्यावे लागत होते. आपल्याला अवघड जातात यात नवल नाही, दोन-अडीचशे वर्षांत शहरातल्या अरबांनाच ते अनोळखी झाले होते. आणि तरी कोणी सोपा शब्द घालून वर्णन बदललं नाही. पुढे तुर्कस्तानात हेच वर्णन सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लावायची पद्धत पडली, हिल्या म्हणतात त्याला, त्याची आज दिसते ती मांडणी हाफिज उस्मान (१६४२ ते १६९८) या सुलेखनकारानं बसवली. मुम्मगित, मुतरद्दिद हे शब्द त्यामुळे इस्तंबूलच्या घराघरात पोचले, अर्थ कळो न कळो.

बाकी शरीराचे बरेच शब्द माणसांच्या नावांत टिकलेत, हे लक्षात ठेवलं तर पाठांतर सोपं जातं. जाहिज हा लेखक म्हणजे बाहेर आलेल्या डोळ्यांचा, अख्फश म्हणजे बारीक, अधू डोळ्यांचा (या नावाचे तीन प्रसिद्ध व्याकरणकार झाले), अअमश म्हणजे पाणावणाऱ्या डोळ्यांचा, अहनफ म्हणजे पावलं आत वळलेला, हुतैआ हा कवी म्हणजे बुटका. अश्तर म्हणजे पापणी उलटलेला, मालिक अल-अश्तरला यर्मूकच्या लढाईत डोळ्यावर जखम झाली तेव्हापासून तो अश्तर. हीच नावं त्यांची ओळख झाली. जाहिजनं तर कोड असलेले, लंगडे, आंधळे, तिरळे अशा लोकांवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यात चेष्टा नाहीये, हे लोक काय काय करून गेले ते सांगितलंय.

आणि टकलाच्या पायऱ्याही बघून ठेवा, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरले की अन्जअ, अजून थोडे गेले की अजलह, निम्म्या डोक्यापर्यंत पोचलं की अजला, त्यापुढे अस्लअ, आणि एकही केस उरला नाही की अहस्स. दातांनी, वितींनी मोजायचं तसंच हे.

किताबवेडी

जुन्या वहीतलं, काय सुंदर लिहिलंत! जाहिजच्या त्या पुस्तकाचा उल्लेख आल्यामुळे फार बरं वाटलं.

मस्कतकर, शोधायचं कसं ते सांगून थांबते. सआलिबी वाचून शब्द कळतो पण साक्षीदार त्यात क्वचितच मिळतो, तो यादी देणारा माणूस आहे. साक्षीदारासाठी इब्न मंजूरचा 'लिसान अल-अरब' (१२९० मध्ये पुरा झाला) आणि 'ताज अल-अरूस' हे दोन उघडा, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत आणि शोधता येतात. ताज अल-अरूसचा कर्ता मुर्तजा जबीदी आपल्याकडचा बरं का, १७३२ मध्ये अवधमधल्या बिलग्रामला जन्मला, येमेनात जबीदला शिकला आणि काहिराला (कैरो) जाऊन एवढा मोठा कोश लिहिला. एडवर्ड लेनचा अरबी-इंग्रजी कोश मुख्यतः त्याच ग्रंथावर उभा आहे. लेन १८७६ मध्ये वारला तेव्हा काम अरबी वर्णमालेत कमर, कलम लिहितो त्या 'काफ'पर्यंत आलं होतं, पुढचा भाग त्याच्या टिपणांवरून छापला म्हणून त्रोटक आहे. त्यामुळे हजव्वर, खुमासी, अशन्नक लेनमध्ये बघा, पण कह्ल, काइब, नसफ यांच्यासाठी थेट लिसान बघा.

आणि विषयवार आवडत असेल तर सआलिबी संपल्यावर इब्न सीदाचा 'मुखस्सस' घ्या. अंदलूसचा (मुस्लिम स्पेन) होता, आंधळा, बापही आंधळा अन् तोही भाषेचाच माणूस. १०६६ मध्ये वारला. त्याचा पहिलाच भाग माणसाच्या शरीरावर आहे आणि सुरुवात गर्भापासून, मग जन्म, दूध, दात, वाढ असा क्रम लागतो, अन् तो पुष्कळदा कोणी सांगितलं त्याचं नावही देतो, असमई म्हणाला, अबू उबैद (घोड्याच्या किश्श्यातल्या अबू उबैदाहून हा वेगळा) म्हणाला असं. हजव्वर तिथे लवकरच भेटेल, तिथून सुरू करा आणि काही अडलं तर इथेच विचारा.